तुम्ही पेशंटच्या कोण?

आई गेली तेव्हा मी सहावीत होते. बाबा तळोज्याला एका कंपनीत शिफ्टवर होते आणि कामोठ्यातल्या बिल्डिंगमध्ये आम्हाला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ओळखीचं असं कोणी नव्हतं. समोरच्या फ्लॅटमध्ये दोन बायका राहायच्या. बाबांनी एक दिवस त्यांचं दार वाजवलं आणि घराची चावी त्यांच्याकडे ठेवायला दिली. मी शाळेतून आले की चावी मागायला जायचे आणि त्या म्हणायच्या, आधी जेव, मग चावी. जेवले की तिथेच झोप यायची. अशी सुरुवात झाली.

आता त्या दोघीही नाहीत. सांगायला बसले तर पुष्कळ आहे, पण मी दमलेली आहे, त्यामुळे जसं आठवेल तसं सांगते.

दोघींतली उंच, सावळी, मोठ्या आवाजाची ती आत्या. ती उलव्याच्या बाजूच्या गव्हाणची. पनवेलच्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स होती. गावाहून तिचा भाचा यायचा, तो तिला आत्या म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. दुसरी गोरी, ठेंगणी, सतत काहीतरी शिवत बसलेली. ती जुन्या पनवेलमधल्या मोहल्ल्यातली. घरीच बायकांचे ब्लाउज आणि ड्रेस शिवायची, आणि बिल्डिंगमधल्या मुली तिच्याकडे शिवणही शिकायच्या. ती खाला. खाला म्हणजे मावशी, हे मला तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आत्याने लगेच पुढे जोडलं, "बगा, बापाची बहीण नि आयची बहीण, दोगी एका घरात. पोरी, तुजं नशीब चांगलं हाय."

नशिबाबद्दल मला तेव्हा वेगळं वाटत होतं. पण जेवण चांगलं असायचं.

मी नववीत असताना बाबांनी दुसरं लग्न केलं आणि कोल्हापूरला बदली मागून घेतली. ती बाई वाईट नव्हती, उगाच बोलायला नको. पण मला तिच्या घरात जाऊन राहायचं नव्हतं. बाबांनी खालाला विचारलं, दहावी होईपर्यंत पोरगी तुमच्याकडे राहिली तर चालेल का? खालाने शिवणयंत्रावरून मान वर केली आणि म्हणाली, "राहतेच आहे की." दहावी झाली, बारावी झाली, मी तिथेच राहिले. पुढे बाबांनीही तो विषय काढला नाही. सणावाराला फोन यायचा, तेवढाच.

बेडरूममध्ये त्या दोघी झोपायच्या, हॉलमध्ये मी. आत्याच्या ड्युट्या बदलत्या असायच्या. ती कितीही वाजता घरी आली तरी खाला तिच्यासाठी गरम भाकरी टाकायची. आत्या पाय वर घेऊन बसायची आणि खाला तिच्या पोटऱ्यांना तेल चोळून द्यायची. मला यात कधी काही वेगळं वाटलं नाही. मला वाटायचं, घर म्हणजे असंच असतं. अकरावीत असताना खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "त्या दोघी एकमेकींच्या कोण लागतात गं? एक हिंदू, एक मुसलमान. काही नातं तर नसणार." घरी आले तेव्हा आत्या बोंबील साफ करत होती. मी तिला तोच प्रश्न विचारला.

तिने हातातला बोंबील खाली ठेवला नाही. "कोण लागतात म्हंजे? मी तिची हाय, ती माजी हाय. अजून काय पायजे तुला?"

"मग काकूंना काय सांगू?"

"काय नको सांगू. त्या काय आपल्याला जेवायला घालतात काय?"

मग समजलं. सगळं एकदम नाही, पण जे समजायचं ते समजलं. आत बेडरूममध्ये मशीनचा आवाज बंद झाला होता. खाला ऐकत होती. थोड्या वेळाने आवाज परत सुरू झाला.

दोघींची ओळख कशी झाली ते मला तुकड्यातुकड्यांत कळलं. आत्याचं लग्न लहानपणीच कोन गावाजवळच्या एका घरात लावून दिलं होतं. नवरा मारायचा. ती माहेरी परत आली, भावाने आसरा दिला, तिने नर्सिंग केलं. खालाचा नवरा कुवेतला गेला आणि तिकडेच राहिला. तलाक दिला नाही, परतही आला नाही. खालाची आई आजारी पडली तेव्हा ती आत्याच्या वॉर्डात होती. खाला आईच्या पायाशी बसून राहायची, आणि आत्या येता-जाता तिला सांगायची, तूही काहीतरी खा. आई गेल्यावरही खाला डबा घेऊन हॉस्पिटलला जात राहिली. डबा आत्यासाठी असायचा. मग दोघींनी जुन्या पनवेलमध्ये भाड्याची खोली घेतली, आणि बऱ्याच वर्षांनी कामोठ्यातला हा फ्लॅट. आत्याच्या घरच्यांना ही "पनवेलची मैत्रीण" म्हणून ठाऊक होती. खालाच्या भावाने बरीच वर्षं बोलणं टाकलं होतं, पण भावाची बायको, भाभी, लपूनछपून यायची आणि ईदला डबा द्यायची.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आत्याला लिव्हरचा कॅन्सर निघाला. तिने स्वतःच आधी ओळखलं होतं, फक्त सांगितलं नव्हतं. जिथे तिने जन्मभर नोकरी केली त्याच हॉस्पिटलात तिला ठेवलं. जुन्या नर्सेस खालाला ओळखायच्या, आत सोडायच्या. पण आयसीयूत हलवल्यावर काउंटरवर एक नवीन मुलगा होता. सही घ्यायची होती. त्याने खालाला विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

खाला माझ्याकडे पाहू लागली. इतक्या वर्षांत तिला हा प्रश्न असा समोरून कोणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "बहीण आहे." त्याने खालाचं आडनाव वाचलं, आत्याचं वाचलं, आणि शांतपणे म्हणाला, "रक्ताच्या नात्यातलं कोणी असेल तर बोलवा." तो उद्धट नव्हता. त्याचं काम करत होता. मी गव्हाणला भाच्याला फोन लावला. तो तासाभरात आला आणि सही केली.

आत्या एका सकाळी गेली. खाला तेव्हा तिच्याजवळ होती, एवढं झालं. भाचा बाहेर आला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आमी आत्याला गावाला नेतो."

खाला म्हणाली, "मी बसते गाडीत तिच्याजवळ."

तो खाली बघायला लागला. तेव्हा तो तिशीचा असेल. आडवा बांधा, पण स्वभावाने मऊ. म्हणाला, "खाला, गाडीत आमची माणसं हायेत. गावात सगले म्हातारे जमलेत. तुमी मागून या ना."

अँब्युलन्सच्या मागे आम्ही रिक्षा केली. रिक्षावाला आधी नको म्हणत होता, मी त्याला काय झालं ते सांगितल्यावर तयार झाला. तेव्हा विमानतळाचं काम जोरात चालू होतं. उलव्याच्या रस्त्यावर मातीच्या डंपरांची रांग होती आणि रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी लाल धूळ आत येत होती. एका ठिकाणी दोन डंपर मध्ये घुसले आणि अँब्युलन्स दिसेनाशी झाली. खाला पुढे वाकून बघत राहिली. मी म्हणाले, रस्ता मला माहीत आहे. ती म्हणाली, "मलापण माहीत आहे. ती गेली पुढे."

आम्ही पोचलो तेव्हा आत्याला ओटीवर ठेवलं होतं. बायका रडत होत्या. आम्ही मांडवाच्या कडेला उभ्या राहिलो. एका म्हातारीने विचारलं, ही कोण, आणि भाच्याने सांगितलं, "आत्याची मैत्रीण, पनवेलची." तिथून पुढे आम्हाला कोणी काही विचारलं नाही. कोणी जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.

मग बायकांनी आत्याला हिरवं लुगडं नेसवलं आणि हातभर हिरव्या बांगड्या भरल्या. मला कळेना. आत्याच्या भावजयीला विचारलं तर ती म्हणाली, "सवाष्ण गेली ना." गर्दी बाजूला झाली आणि एका म्हाताऱ्याला पुढे आणलं. धोतर, वर पांढरा शर्ट, हातात काठी. तो आत्याचा नवरा होता. त्याच्या घरून ती पळून आली होती त्याला चाळीस वर्षं होत आली असतील. त्याने दुसरं लग्न केलं होतं, नातवंडं होती. कोणीतरी त्याला गाडी पाठवून आणलं होतं. त्याला नीट दिसतही नसावं. एकाने त्याचा हात धरून कुंकवात बुडवला आणि आत्याच्या कपाळावर टेकवला. मला तर वाटलं, ही कोण हे त्याला आठवतही नसेल.

मी खालाकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती आणि त्या म्हाताऱ्याच्या बोटाकडे बघत होती. रडली नाही. पुरुष आत्याला घेऊन गेले, बायका आत गेल्या, अंगणात खुर्च्या तशाच राहिल्या. एका मुलीने आम्हाला पाणी आणून दिलं. ते पिऊन आम्ही निघालो.

परत येताना रिक्षात, कामोठ्याचा पूल आला तेव्हा खाला म्हणाली, "तिला हिरवा रंग आवडायचा नाही."

पुढे तीनचार महिने तिने मशीनला हात लावला नाही. बायका कापड घेऊन यायच्या आणि मी त्यांना परत पाठवायचे. मी तेव्हा एका क्लासमध्ये आठवी ते दहावीला गणित शिकवायला लागले होते. सकाळी स्वयंपाक करून जायचे, परत यायचे तेव्हा ताट तसंच झाकलेलं असायचं. एकदा मी दोन बॅच घेऊन आले होते, घसा बसला होता, आणि ताट तसंच. माझ्याने राहवलं नाही. मी ओरडले, "तुझीच होती का ती? माझी कोणी नव्हती? माझी आई एकदा गेली, आता ही गेली, आणि तू अशी बसून राहतेस. मी कुणाकडे बघू?"

ती दचकली. माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिथे आहे हे तिला आत्ताच दिसलं. ती उठली, हात धुतले, झाकलेलं ताट माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतःसाठी दुसरं वाढून घेतलं. आम्ही दोघी गार भात जेवलो. जेवताना मग ती रडली, गव्हाणला रडली नव्हती तेवढं सगळं. मी तिला थांबवलं नाही, कारण मलाही थांबता येत नव्हतं.

त्या आठवड्यात भाचा आला. हातात चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची पिशवी. दारातच उभा राहिला. "खाला, त्या दिवशी लोकांसमोर माज्या तोंडून शब्द निघाला नाय. मला म्हाईत हाय तुमी आत्याच्या कोण."

खालाने त्याला आत घेतलं. पिशवीत बघितलं आणि म्हणाली, "या साफ कोण करणार? हिला येत नाही, मला जमत नाही. ते काम तिचं होतं." तो म्हणाला, "मी करतो." आणि खरंच बाही वर करून त्याने मोरीत बसून त्या साफ केल्या. त्यानंतर तो येतच राहिला. खाडीत भराव टाकल्यापासून मासे कमी झालेत, अशी तक्रार करायचा आणि तरी काही ना काही घेऊन यायचा.

माझ्या आयुष्यात एक माणूस होता, तेही सांगायला हवं. तो त्याच क्लासमध्ये विज्ञान शिकवायचा. तीन-चार वर्षं आम्ही एकमेकांचे होतो. शनिवारी क्लास सुटला की आम्ही पनवेलपर्यंत जायचो, तळ्याच्या काठाने चालायचो, त्याला भजी लागायची. तो चांगला होता. खालाशी चांगला वागायचा, तिच्या मशीनची मोटर त्याने दोनदा दुरुस्त करून दिली. लग्नाचं ठरत आलं आणि खालाच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. त्याच्या घरी प्रश्न आला, ही बाई लग्नानंतर कुठे राहणार? तो म्हणाला, आपण बघू, काहीतरी करू. बघता बघता दीड वर्ष गेलं. तोही थकला होता, मला दिसत होतं. शेवटी एकदा चहाच्या दुकानात बसलो असताना म्हणाला, "रागावू नकोस, पण ती तुझी सख्खी कुठे आहे?"

मला राग आला नाही. यायला हवा होता बहुतेक. मी फक्त चहाच्या ग्लासाकडे बघत बसले आणि विचार केला की आता उठावं, चारला खालाला डायलिसिसच्या मशीनवरून काढतात. मी उठले. तो म्हणाला, सोडू का? मी म्हणाले, रिक्षाने जाईन. पुढच्या वर्षी तो पुण्याला गेला. त्याचं लग्न झाल्याचं मला क्लासच्या ग्रुपवर कळलं. त्या दिवशीही डायलिसिस होतं, त्यामुळे रडायचं दुसऱ्या दिवशीवर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी रडू आलं नाही.

खालाला मी हे सांगितलं नव्हतं. तिला कळलंच. म्हणाली, "माझ्यापायी झालं ना?"

"नाही गं."

"खोटं बोलू नकोस बेटा. मी तुला जा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मला भीती वाटली."

मी तिचा हात हातात घेतला. डायलिसिसच्या सुयांसाठी हातात केलेल्या फिस्टुलाची ती फुगलेली शीर, त्यात सतत चाललेली धडधड. मी म्हणाले, "जा म्हणाली असतीस तरी गेले नसते." हे खरं होतं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

डायलिसिसची ती वर्षं म्हणजे नुसती खुर्ची, एसीची थंडी, बाहेरच्या बाकावर वह्या तपासणं आणि परत येताना तिचं ओकणं. माझ्या बॅचची वेळ अडली की भाचा गाडी घेऊन यायचा आणि तिला पोचवायचा. खाला त्याला म्हणायची, "चल, माझं रक्त धुवायला टाकून येऊ." तो हसायचा आणि मग आरशात बघून डोळे पुसायचा. मी कधी कधी मनात म्हणायचे, संपू दे हे. तिच्यासाठी की माझ्यासाठी, तेवढा विचार करायला मी थांबत नसे.

संपलं ते गेल्या वर्षी. एका दुपारी ती झोपली होती, मी ताकाचा पेला घेऊन गेले आणि हाक मारली.

मी भाभीला फोन केला. भाभी आली, भाऊ आला, मोहल्ल्यातल्या चार बायका आल्या. भावाने माझ्याकडे बघून मान हलवली. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता आपलं इथलं काम झालं. या लोकांचं माणूस आहे, त्यांना करू दे. बेडरूममध्ये त्यांनी पडदा लावला. पाण्यात बोरीची पानं टाकली होती, त्याचा वास येत होता. आंघोळ घालायची होती.

भाभी बाहेर आली आणि म्हणाली, "तू इथे काय करतेस? चल आत."

एक म्हातारी बाई म्हणाली, "अरे, ही तर आपल्यातली नाही. ही कोण?"

भाभी म्हणाली, "हिची मुलगी."

"हिला मुलगी कुठे होती?"

"होती," भाभी म्हणाली. "सहा वर्षं हिनेच आंघोळ घातलीय तिला. मग आज आपण कोण अडवणारे? मी सांगेन तसं करेल, पाणी ओतेल." आणि माझ्या हातात तांब्या दिला.

म्हातारीने खालाचा हात उचलून धरला आणि मी पाणी ओतलं. आधी उजवी बाजू, मग डावी. कुठे थांबायचं ते भाभी सांगत होती. शेवटच्या पाण्यात कापूर होता. खाला इतकी हलकी झाली होती की तिला वळवताना कोणाला जोर लावावा लागला नाही. फिस्टुलाच्या शिरेवर पाणी टाकताना मी बोट ठेवून बघितलं. सवय होती रोजची. धडधड थांबली होती. तेव्हा कुठे मला कळलं की ती गेली. तोपर्यंत फक्त कामं चालू होती.

पुरुष तिला घेऊन गेले. त्यांच्यात गव्हाणचा भाचाही होता, डोक्याला रुमाल बांधून. त्याने खांदा दिला. कोणी त्याला अडवलं नाही. आम्ही बायका जिन्यात उभ्या राहिलो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी, त्याच काकूंनी, संध्याकाळी सगळ्यांसाठी चहा करून पाठवला.

त्यानंतर मला काही सुचेना. आठवड्यातले ते तीन दिवस रिकामे झाले आणि त्यांत काय करायचं असतं ते मला आठवेना. बाबांचा फोन आला, आता एकटी कशाला राहतेस, कोल्हापूरला ये. मी म्हणाले, बघू. क्लासला जायचे, शिकवायचे, घरी येऊन बूट न काढता सोफ्यावर बसायचे. लोक म्हणायचे, आता तू मोकळी झालीस, जरा स्वतःकडे बघ. मोकळी म्हणजे काय ते मला समजत नव्हतं. अंग दुखायचं, सकाळी उठवत नसे, डॉक्टरांनी रक्त तपासलं तर सगळं ठीक निघालं.

एका रविवारी भाचा बायकोला घेऊन आला. मी दार उघडलं, बसा म्हणाले आणि चहा ठेवायला उठले, तर त्याच्या बायकोने मला धरून परत बसवलं. "तुमी बसा ताई. मी बगते." ती स्वयंपाकघरात गेली. कुठला डबा कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं, सगळी झाकणं उघडून बघत होती. भाचा समोर बसून काहीतरी सांगत होता, गावात कोणाची जमीन गेली, कोणाच्या पोराला विमानतळावर नोकरी लागली. मी हूं हूं करत होते. कधी डोळा लागला ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगावर चादर होती. दोघं निघून गेले होते, मला उठवलं नव्हतं. ओट्यावर तांदळाच्या भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या, आणि झाकलेल्या पातेल्यात कोळंबीचं कालवण होतं. मी उभ्या उभ्याच भाकरीचा तुकडा तोडला. मग ताट घेतलं, खाली बसले आणि जेवले.